चुंबळ

चढ खडा होता. आजी पुढे, मी मागे. तिच्या डोक्यावर भरलेला हंडा, हंड्याच्या तोंडाशी पाण्यावर ठेवलेलं पळसाचं पान आणि एका हातात नातवाचं बोट. पायाखालचा दगड निसटला की गुडघा वाके, कंबर एका अंगाला जाई, खांदा दुसऱ्या अंगाला. मानेच्या वर मात्र सगळं शांत. पळसाचं पान जागचं हलत नव्हतं. माझ्या पाठपिशवीत अडीच महिने खपून केलेलं एक लहानसं यंत्र होतं. त्याला जे काही केल्या जमत नव्हतं, ते माझ्यापुढे दहा पावलांवर चाललं होतं.

वाडी कर्जत आणि खालापूर तालुक्यांच्या शिवेजवळची, ठाकरांची. वीस-पंचवीस घरं. खाली मोरबे धरणाचं पाणी उन्हात चकाकत असतं. ते नळाने नवी मुंबईला जातं. वर मे महिन्यात बायका झऱ्याच्या खड्ड्याशी बसून वाटीवाटीने हंडा भरतात. धरणापलीकडे इर्शाळगडाचा सुळका, त्यातलं नेढं, त्याच्या मागे प्रबळगड, आणि उत्तरेला माथेरानचं लांबलचक पठार. इथे उभं राहिलं की नजर आपोआप इर्शाळकडे जाते आणि तिथेच थांबते.

१९ जुलै २०२३ च्या रात्री त्या गडाच्या कुशीतल्या इर्शाळवाडीवर डोंगर उतरला. माणसं जेवून निजली होती. वाडीला रस्ता नव्हता, फक्त पायवाट. बचावाची पथकं अंधारात, पावसात पायी चढली. जेसीबी पायथ्याशीच राहिले, ढगांमुळे हेलिकॉप्टर उडू शकलं नाही आणि ढिगारा फावड्यांनी, टिकावांनी, हातांनी उपसावा लागला. २७ मृतदेह सापडले. ५७ माणसं सापडलीच नाहीत, आणि २३ तारखेला शोध थांबवला. मी खोपोलीचा, त्या आठवड्यात टॉर्चचे सेल आणि पाण्याच्या बाटल्या घेऊन पायथ्यापर्यंत गेलो होतो. वरून उतरणाऱ्या माणसांचे चिखलाने माखलेले पाय तेवढे आठवतात. चेहऱ्यांकडे पाहायचं धाडस झालं नव्हतं.

माळीण, ३० जुलै २०१४. तळीये, २२ जुलै २०२१. इर्शाळवाडी, १९ जुलै २०२३. तिन्ही ठिकाणी दरड कोसळली, आणि सगळ्या तारखा जुलैच्या. आपला सह्याद्री साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाच्या थरांचा. दगड पक्का आहे, पण त्याच्या अंगावरचं मातीचं आणि कुजलेल्या खडकाचं पांघरूण पक्कं नाही. सलग तीन-चार दिवस कोसळलं की पाणी त्या पांघरुणात मुरतं, खालच्या कातळाशी अडतं, माती जड होते आणि तिची पकड सुटते. त्याआधी डोंगर काही ना काही सांगत असतो. उतारावर भेग पडते, झाडं कलतात, झऱ्याचं पाणी एकाएकी गढूळ होतं, घराची दारं चौकटीत अडकायला लागतात. इर्शाळवाडीचं नाव धोक्याच्या गावांच्या यादीत नव्हतं, हे त्या वेळी विधानसभेतही सांगितलं गेलं. यादीत नसलेल्या अशा किती वाड्या कर्जत-खालापूरच्या डोंगरांना चिकटून आहेत, हे इथे राहणाऱ्याला मोजायची गरज पडत नाही. मान वर केली की दिसतात.

वाडीतून वर पाहिलं तर उतार दिसतो, त्याचा माथा दिसत नाही. भेग पडते ती बहुधा तिथे, घरांच्या वर, करवंदीच्या जाळ्यांमागे. मला वाटलं, एकाच उंचीवरून, एकाच कोनातून त्या उताराचे फोटो दर मे महिन्यात आणि दर ऑक्टोबरात काढून ठेवले, तर दोन फोटो शेजारी ठेवून काय बदललं ते कुणालाही दिसेल. त्याला मोठी विद्या लागत नाही. लागतो तो स्थिर डोळा.

ड्रोन मी हौस म्हणून आधीच जोडलेला होता. फेब्रुवारी २०२२ पासून परदेशी तयार ड्रोन आयात करायला बंदी आहे, सुट्या भागांना नाही. तेव्हा लॅमिंग्टन रोडवरून मोटारी, पंखे, बॅटऱ्या आणून चार हातांचा सांगाडा घरीच बांधला. सगळं धरून वजन किलो-सव्वा किलो. नियमाप्रमाणे अडीचशे ग्रॅम ते दोन किलो म्हणजे मायक्रो वर्ग. हिरव्या क्षेत्रात चारशे फुटांपर्यंत, आणि तोही नजरेसमोर उडवायचा. नवी मुंबईचा विमानतळ सुरू झाल्यापासून तर उडवण्याआधी दर वेळी हवाई क्षेत्राचा नकाशा उघडून बघतो.

पहिल्या उड्डाणात कॅमेरा सांगाड्याला सरळ स्क्रूने आवळला होता. घरी येऊन चित्रण पाहिलं. घरं पाण्यातल्या पडछायेसारखी लवत होती, कड्याच्या रेषा नागमोडी झाल्या होत्या. मिनिटाला सहा हजार फेरे घेणारा पंखा सेकंदाला शंभर हादरे देतो. कॅमेरा चित्र एका दमात टिपत नाही. वरून खाली एकेक ओळ वाचत जातो. पहिली ओळ वाचून शेवटच्या ओळीपर्यंत पोचेस्तोवर कॅमेरा स्वतः हललेला असतो, म्हणून सरळ रेषा वाकडी उमटते. लग्नाच्या चित्रणात हे खपून गेलं असतं. मला मात्र पडद्यावर दिसणारी वळणदार काळी रेघ डोंगराची भेग आहे की माझ्या मोटारीचा हादरा, हे कळायला हवं होतं. ते कळत नसेल तर तो फोटो कुणाला दाखवायचा मला अधिकार नव्हता.

तेव्हा कॅमेरा स्थिर धरणारा गिंबल करायला घेतला. कल्पना फार जुनी आहे. सोळाव्या शतकातल्या कार्दानो या इटालियन विद्वानाचं नाव तिला चिकटलं, पण त्याच्या कितीतरी आधी चिनी आणि ग्रीक कारागिरांना ती माहीत होती. एका कडीत दुसरी कडी, दोन्ही आपापल्या आसावर मोकळ्या. जहाज कितीही डोललं तरी आतला होकायंत्राचा डबा सपाट राहतो. आजच्या गिंबलात कड्यांच्या जागी दोन-तीन चपट्या मोटारी असतात आणि कॅमेऱ्याच्या पाठीला नखाएवढी एक संवेदक पट्टी.

ती पट्टी मला कळली ती वडिलांच्या ओळंब्यामुळे. वडील गवंडी होते. खालापूरकडच्या कितीतरी घरांच्या भिंती त्यांच्या हातच्या. त्यांच्या थैलीत पितळी ओळंबा असे. दोरी दोन बोटांत धरून ते तो सोडत आणि थांबून राहत. ओळंबा खरं सांगतो, पण झोके थांबल्यावर. धक्का लागला की तोही फसतो. पट्टीतला अर्धा भाग असाच आहे: ‘खाली’ कुठे आहे ते त्याला ठाऊक असतं, पण हादऱ्यात तो गोंधळतो. उरलेला अर्धा भाग वळण मोजतो. तो चपळ आहे, हादऱ्याला भीत नाही, पण त्याची चूक थेंबाथेंबाने साचत जाते आणि दहा मिनिटांत क्षितिज कलतं. यंत्राचा मेंदू दोघांचंही ऐकतो. क्षणाचा निर्णय चपळाच्या शब्दावर, आणि त्याची साचलेली चूक ओळंब्याच्या सावकाश साक्षीने पुसायची.

कॅमेऱ्याला धरणारा पहिला कंस थ्रीडी प्रिंटरवर छापून आणला होता. साध्या पीएलए प्लास्टिकचा. एप्रिलच्या दुपारी कर्जत स्टेशनबाहेर तो दोन तास बंद गाडीत राहिला. इथला उन्हाळा चाळिशी ओलांडतो आणि बंद गाडी आतून तापते ती त्याच्याही वर. पीएलए साठच्या आसपास मऊ पडतं. परत आलो तेव्हा कंस मेणबत्तीसारखा वाकला होता. पंधरा दिवसांचं काम गेलं. मग दोन मिलिमीटरची ॲल्युमिनियमची पट्टी घेतली आणि खोपोलीतल्या एका टर्नरकडे गेलो. मी कागदावर पट्टीचा मध्य काढून दिला होता. त्यांनी कॅमेरा हातात घेतला, एका बोटावर तोलून पाहिला आणि म्हणाले, “भोक पट्टीच्या मध्यावर नाही मारायचं. वजनाच्या मध्यावर मारायचं. भिंगाची बाजू जड आहे बघा.” मग त्यांनी भोकाऐवजी लांबट खाच पाडून दिली, म्हणजे स्क्रू ढिला करून कॅमेरा केसभर पुढेमागे सरकवता येईल.

त्या खाचेने मला धीर धरायला शिकवलं. गिंबलला वीज द्यायच्या आधी तो तोलायचा असतो. कॅमेरा हाताने खाली वळवा आणि सोडा. जिथे सोडला तिथेच राहिला पाहिजे. वर आला तर मागची बाजू जड, आणखी खाली गेला तर पुढची. अर्धा मिलिमीटर सरकवा, पुन्हा सोडा. तीन संध्याकाळी याच कामात गेल्या. तिसऱ्या संध्याकाळी कॅमेरा उलटा केला, तिरका केला, आभाळाकडे वळवला; जिथे ठेवला तिथे तो राहिला, जणू वजनच नाही. तोल असा साधला की मोटारींना कॅमेरा पेलावा लागत नाही, फक्त सावरावा लागतो. तो साधला नाही तर मोटारींचा सगळा जोर पेलण्यातच जातो, त्या तापतात, घुमायला लागतात आणि ऐन वाऱ्यात हात टेकतात.

चाचणीची उड्डाणं कर्जतकडे एका मित्राच्या शेतावर केली. मे महिन्यात सगळा मुलूख तपकिरी असताना राजनाल्याच्या काठाने भाताची हिरवी पट्टी दिसते. १९२२ साली सुरू झालेल्या भिवपुरीच्या वीजघरातून उतरणारं पाणी त्या कालव्याने शेतांत जातं, म्हणून इथे उन्हाळी भात होतो. सकाळी सातला, वारा सुटायच्या आत, आम्ही बांधावर उभे होतो. समोर एक कापशी घार एकाच जागी पंख मारत हवेत ठरली होती. पंख वरखाली, शेपूट डावी-उजवी, अंग वाऱ्यावर हेलकावत. आणि डोकं खिळ्याला टांगल्यासारखं. तिला खालच्या भातातला उंदीर दिसायला हवा होता. मिनिटभर तिने डोकं हलू दिलं नाही, आणि त्यासाठी बाकीचं सगळं अंग हलवत ठेवलं.

माझं चित्रण अजून लवत होतं. क्षितिज आता सपाट होतं, पण बारीक थरथर जात नव्हती. मोटारींचा जोर वाढवला तर त्या गुणगुणायच्या. कमी केला तर कॅमेरा आळसायचा. अशा अर्धवट यंत्रासह मी त्या दिवशी वाडीवर चढत होतो, निदान उताराचा अंदाज यावा म्हणून.

घरापाशी आजीने हंडा उतरवला. नातवाला वाटीभर पाणी दिलं, मग मला. पिशवीतून काढलेल्या यंत्राकडे बोट करून विचारलं, “ह्ये काय?”

“गिंबल म्हणतात आजी याला.”

“चुंबळ?”

मी नाही म्हणणार होतो. मग तिच्या हातातल्या चुंबळीकडे पाहिलं आणि गप्प राहिलो. जुन्या लुगड्याचा पट्टा पिळून गोल गुंडाळलेला, शेवट आत खोचलेला, मध्ये मुठीएवढी पोकळी. मी ती हातात घेतली. दाबली की दबायची, सोडली की पुन्हा फुगायची, पण सपाट होत नव्हती. मी विचारलं, केवढी घट्ट पिळायची हे कसं कळतं? “लय मऊ केली तर हंडा टाळूवर बसतो,” ती म्हणाली. “लय घट्ट केली तर हंडा नाचतो. हंडा बघून चुंबळ करायची. कळशीची येगळी, हंड्याची येगळी.”

हादरे शोषायला मी दोन पट्ट्यांच्या मध्ये रबराचे गोळे बसवले होते. दुकानात मिळाले ते घेतले, कडक होते. ते मोठ्या कॅमेऱ्यासाठी होते. माझ्या नव्वद ग्रॅमच्या कॅमेऱ्याखाली ते दबतच नव्हते, आणि जे दबत नाही ते हादरा जसाच्या तसा पुढे पाठवतं. कळशीखाली मी हंड्याची चुंबळ ठेवली होती.

पण तिने त्याहून मोठी गोष्ट दाखवली, न सांगता. हंडा पुन्हा उचलून डोक्यावर ठेवून दाखवला तेव्हा मी नीट पाहिलं. हंड्याचं गोल बूड चुंबळीच्या पोकळीत उतरून बसतं. भार चुंबळीवर उभा नसतो, तिच्या आत शिरलेला असतो. माझा कॅमेरा रबराच्या खाली चार बोटं लोंबत होता. त्यामुळे ड्रोनने पुढे झेप घेतली की तो झुल्यासारखा मागे जायचा, आणि तो झोका सावरता सावरता मोटारींचा दम निघायचा.

आणि चुंबळीच्या खाली मान होती. माणसाच्या दोन्ही कानांच्या आत तीन-तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात, तीन दिशांना तीन. डोकं कुठेही वळलं तरी त्यांच्यातला द्रव मागे रेंगाळतो, आणि सेकंदाच्या शंभराव्या भागात डोळ्यांना उलट वळायची खबर पोचते. माझ्या नखाएवढ्या पट्टीतही तीनच दिशा मोजल्या जातात. आजीच्या कानाला, मानेला आणि टाळूवरच्या लुगड्याच्या पट्ट्याला मिळून जे साधलं होतं, ते चाळीस-पन्नास वर्षांच्या पाणवाटेने घडवलेलं होतं. ते पाहून मला आनंद झाला आणि वाईटही वाटलं. ही कला तिला यावी लागली, कारण धरणाच्या काठावर राहूनही नळ तिच्या दारात आला नाही.

खोपोलीला परतल्यावर सगळं उसवलं. वरच्या पट्टीला मधोमध गोल खिडकी पाडली, कानशीने कडा घासल्या, चार मऊ गोळे त्या खिडकीभोवती गोलात बसवले आणि गिंबल खालून वर ओढून त्याची वरची मोटार खिडकीत घेतली. आता कॅमेऱ्याचं आणि मोटारींचं वजन रबराच्या पातळीला आलं. मासेमारीची नायलॉन दोरी दोन पट्ट्यांतून ओवून गाठ मारली. गोळा निसटलाच तर कॅमेरा कुणाच्या डोक्यावर पडू नये म्हणून. मग पट्टीवर पाण्याने भरलेलं बाटलीचं टोपण ठेवलं आणि पंखे काढून मोटारी फिरवल्या. आधीच्या बांधणीत त्या पाण्यावर बारीक कड्या उठत. आता पाणी न हलता चमकत राहिलं. मला पळसाचं पान आठवलं.

मे संपत आला होता. वाडीच्या वर दोनशे फुटांवर ड्रोन थांबवून फोटो घेतले. घराघरांची कौलं मोजता येत होती. आजीच्या अंगणातली चूल, वाळत घातलेली मिरची, वळचणीचा सरपणाचा भारा. आणि घरांच्या वर दीडशे पावलांवर, करवंदीच्या जाळीमागे, आडवी गेलेली एक काळी रेघ. या वेळी ती लवत नव्हती. तीन फोटोंत तीच, तिथेच.

वाडीतली दोन पोरं आणि मी वर गेलो. हाताचा पंजा मावेल एवढी रुंद भेग, नऊ पावलं लांब. उन्हाने तडकलेली माती की उताराची उकल, हे सांगायला भूगर्भशास्त्र शिकलेला माणूस हवा. मला ते सांगता येत नाही. फोटो छापून अर्जासह तहसील कचेरीत दिले. तोवर आपल्या हातात होतं तेवढं केलं. वरच्या अंगाला चर खणून पाणी बाजूला काढलं, भेग चिकणमातीने ठासून बुजवली. दोन्ही काठांना खैराच्या खुंट्या ठोकल्या, वरून दिसाव्यात म्हणून त्यांना चुना लावला आणि मध्ये सुतळी बांधली. फोटोची एक मोठी प्रत खालच्या शाळेच्या भिंतीवर लावली. बायका भोवती जमल्या आणि आपापलं घर शोधू लागल्या. आजीने मात्र आधी झरा शोधला, मग झऱ्यापासून खुंटीपर्यंत बोट फिरवलं. सगळ्यांनी मिळून तिथेच ठरवलं: सुतळी ताणली, झरा गढूळला किंवा दोन दिवस उघडीप मिळाली नाही, तर वाट न पाहता लेकराबाळांसह या शाळेत यायचं.

जुलैत पाऊस लागला. खोपोलीत रस्त्याचा आवाज ऐकू येईनासा झाला, फक्त पाणी. ड्रोन कपाटातल्या पेटीत होता, बॅटऱ्या अर्ध्या उतरवून ठेवलेल्या. पावसात तो उडत नाही. ज्या रात्री डोळ्याची सगळ्यात जास्त गरज, त्या रात्री तो आंधळा. इर्शाळच्या रात्री हेलिकॉप्टरही आंधळं होतं. म्हणून पाहायचं ते मे महिन्यात, ऊन असताना, आणि जुलैत त्या पाहण्यावर विसंबून चालत खाली यायचं. तरी झोप लागेना. अकराला आजीच्या नातवाच्या बापाला फोन लावला. त्याने फोन तिच्याकडे दिला. मागे पोरांचा गलका आणि पत्र्यावरचा पाऊस.

“सांच्याला गडी बघून आलं,” ती म्हणाली. “सुतळी हाय तशी हाय. झरा बी निवळ हाय. तरी आलू समदी खाली, शाळंत. तू नीज आता.”